सहाव्या प्रयोगाचं पान

इंजिनिअरिंग कॉलेजात मी तीस वर्षं शिकवलं, आणि त्यातली निम्मी तरी सह्या करण्यात गेली. प्रॅक्टिकलला मुलं मशिनांपाशी उभी राहायची आणि मी टेबलापाशी बसून जर्नलं तपासायची. पानावर आकडे आहेत, आलेख आहे, की मारली सही. वरून तोंडाचा पट्टा चालूच. नारायण पेठेत वाढलेली जीभ, ती काय गप्प बसणार!

नव्वदच्या दशकाची अखेर होती. सॉफ्टवेअर कंपन्या कॉलेजात येऊन मुलं घेऊन जायच्या. मग इलेक्ट्रिकल काय नि मेकॅनिकल काय. माझ्या वर्गातल्या यवतमाळकडच्या एका मुलीलाही नोकरीचं पत्र आलं होतं. तिच्या घरातली ही पहिलीच नोकरी. अट एकच, शेवटच्या परीक्षेत सगळे विषय सुटायला हवेत. आणि जर्नलवर सही नसेल, तर त्या परीक्षेलाच बसता यायचं नाही.

तिचं जर्नल मी उघडलं. सहावा प्रयोग मोटारीवर भार वाढवत वेग मोजायचा. त्या पानावर एकही आकडा नव्हता. नुसती एक ओळ होती: 'मोटार सुरू झाली नाही, म्हणून प्रयोग करता आला नाही.'

माझं डोकंच फिरलं. सगळ्या वर्गाला जमलं ते हिलाच कसं जमत नाही? नोकरी खिशात पडली म्हणजे आता प्रयोग करायची गरज उरली नाही, असं बरंच काही मी तिला सर्वांदेखत सुनावलं. ती काहीतरी सांगू पाहत होती, पण मी ऐकते कुठली!

"अर्धवट जर्नलवर मी सही करत नाही. पूर्ण करून आण."

दुसऱ्या दिवशी तिनं पूर्ण करून आणलं. आकडे चोख, आलेख सुबक. बघ, जमलं की नाही, असं म्हणत मी ऐटीत सही केली. ती मान खाली घालून उभी होती. मला वाटलं, वरमली असेल.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकी तीच मोटार चालू करायला सांगितली. आमचा प्रयोगशाळेतला सहायक, वारज्याचा माणूस, शांतपणे म्हणाला, "ती जळल्याली हाय, साहेब. गेल्याच्या आदल्या दिवाळीपास्नं."

गेल्याच्या आदल्या दिवाळीपासून! म्हणजे दोन बॅचेस. दोन्ही वर्गांच्या जर्नलांत त्या जळक्या मोटारीचा वेग लिहिलेला, नि प्रत्येक पानाखाली माझी सही. परीक्षकांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा प्रयोग दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परीक्षा झाल्यावर मी तिला व्हरांड्यात गाठलं. ते आकडे आणले कुठून, विचारलं. मैत्रिणीच्या जर्नलमधून, म्हणाली. मैत्रिणीनं कुठून आणले? मागच्या बॅचकडून. आणि ते आधीचं पान? निदान ते तरी हिच्याकडे असावं, असं मला फार वाटत होतं.

"फाडून टाकलं, मॅडम. त्याच्यावर सही नव्हती मिळत नं."

तिच्या स्वरात राग नव्हता. सांगितलेलं काम नीट केलं, एवढंच होतं. पुढच्या महिन्यात ती नोकरीवर रुजू झाली.