आपांनी विचारलं आणि हॉल गप्प राहिला

मंडळी, आज दुपारी उमरग्याच्या एका रिकाम्या हॉलमध्ये शूटिंग केलं. अजून मन जागेवर नाही.

हमीदाआपा निवृत्त शिक्षिका. वीस वर्षं गावोगाव एकपात्री करतात. एक आई एसटी स्टँडवर लेकाची वाट बघते, एवढीच गोष्ट. मध्येच ती प्रेक्षकांना विचारते, "शेवटची गाडी गेली का हो?" गाडी गेलेली असते. लेक येणार नाही, हे सगळ्यांना कळलेलं असतं. तरी प्रत्येक गावात कुणीतरी ओरडतंच, "न्हाय माय, येईल अजून!"

आपांचं हे एकपात्री मला सिनेमासाठी हवं होतं, फक्त त्यांच्या आवाजात. म्हणून मी युनिटमधल्या सगळ्यांना ताकीद दिली होती, कुणी चकार शब्द काढायचा नाही.

आपांनी विचारलं. हॉल गप्प. त्या रिकाम्या खुर्च्यांकडं बघत तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, विसरल्या. मी हळूच पुढचं वाक्य सांगितलं.

"पाठ हाय मला," त्या म्हणाल्या. "पर बेटा, उत्तर आल्याबगर ती बाई पुढं कशी बोलंल? आजवर एकबी गाव असं गप्प बसलं न्हाय."

माझी मान खाली गेली. पुन्हा कॅमेरा लावला. आपांनी विचारलं, आणि कॅमेऱ्यामागून मीच म्हणालो, "न्हाय माय, येईल अजून." आपा पुढचं सगळं एका दमात बोलल्या.

माझा आवाज मी एडिटिंगमध्ये काढणार आहे. ती जागा मोकळीच ठेवीन. थिएटरच्या अंधारात आपा विचारतील तेव्हा, खरं सांगा, तुमच्यातलं कुणी बोलेल?