उकिरड्याजवळचा अक्रोड

आमच्या काकांना सगळे 'अक्रोडसम्राट' म्हणत, कारण तसं म्हणायला त्यांनीच शिकवलं होतं. रोपवाटिकेतून निवृत्त झालेला हा माणूस अंगणातल्या एका झाडावर आयुष्यभर फुशारकी मारत आला. कवच असं पातळ की बोटांनी दाबलं तर अख्खा गर हातात. "हा वाण मी घडवला," हे वाक्य पाहुण्याला पाण्याआधी मिळायचं.

मी त्यांची पुतणी, अक्रोड-बदामांच्या संशोधन केंद्रात कामाला. ठिकठिकाणच्या झाडांची जनुकं आणि गुण, म्हणजे कवच किती जाड, फुलोरा कधी, गर कसा, हे सगळं एकाच सामायिक माहितीसाठ्यात भरायचं, हे आमचं काम. प्रत्येक वाणापुढे तो घडवणाऱ्याचं नाव येतं. हे ऐकलं आणि काकांची झोप उडाली.

"माझ्यामागे एवढंच राहील गं," ते म्हणाले. मला खरंच गलबलून आलं.

"मग द्या की पानं तपासायला."

"देतो, देतो."

पुढे मी सहज बोलून गेले की त्यांच्या साडूंनीही आपल्या झाडाची पानं दिलीत, आणि एकाच झाडाची कलमं दोन घरी असली तर तपासणीत लगेच कळतं. झालं! काकांची पाठ दुखायला लागली. बरेच दिवस ती दुखत राहिली आणि मग एकदाचं पानांचं पाकीट आलं.

पुढच्या वसंतात निकाल आला आणि केंद्रात एकच धांदल उडाली. असं झाड अख्ख्या साठ्यात नव्हतं. उशिरा फुलणारं, म्हणजे जाता जाता थंडीने तडाखा दिला तरी फुलोरा शाबूत. आमच्या मॅडम ते बघायला मला घेऊन काकांकडे आल्या.

"हे नव्हे," अंगणातलं झाड बघून त्या म्हणाल्या. "हे तर केव्हाच फुलून गेलंय."

काका घाम पुसू लागले. तेवढ्यात काकू मागच्या दारातून आली.

"उकिरड्याजवळचं बघा. ते आत्ता कुठे फुलतंय. पाकिटातली पानं त्याचीच."

ते झाड काकूने फेकलेल्या किडक्या अक्रोडांतून उगवलेलं. काका दरवर्षी कुऱ्हाड घेऊन निघायचे आणि काकू खरकट्या पाण्याची बादली घेऊन आडवी यायची.

"मग घडवणारे म्हणून नाव कुणाचं घालू?" मॅडमनी विचारलं.

काकांनी नुसतं 'माझं' म्हणायचा अवकाश होता. काकूने चकार शब्द काढला नसता, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

"हिचं घाला," काका म्हणाले. "मी तर तोडायला निघालो होतो."

"आणि अंगणातलं?"

"साडूचं. त्याच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा कलमाची काडी कोटात घालून आणली."

"छत्रीत," काकू म्हणाली. "छत्री मीच धरली होती."

आता साठ्यात काकूचं नाव आहे. त्याखाली बारीक अक्षरांत 'पानं गोळा करणारे' म्हणून काकांचंही आहे. पाहुणा आला की पाण्याआधी काका अजूनही फोन पुढे करतात. बोट मात्र वरच्या नावावर ठेवतात.

"हा वाण हिने घडवला."