पालथं पुस्तक

काउंटरवर पुस्तक आलं की मॅडम आधी ते पालथं करायच्या. शिक्का, तारीख, सही, सगळं तसंच उरकायचं. रांगेतल्या मागच्या पोरानं मान लांब केली की म्हणायच्या, "आपलं आपण बघा."

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात त्या ग्रंथपाल होत्या, मी ऑफिसात क्लार्क. त्यांची नोकरी कंत्राटी, दर जूनला नवी ऑर्डर. अशी माणसं सहसा जपून असतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. मॅडमही जपायच्या, पण नोकरीला नाही.

एका दुपारी बी.ए.च्या एका मुलीचे वडील आले. कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं होतं की पोरगी भलतीसलती पुस्तकं नेते. त्यांना तिच्या नावावरच्या पुस्तकांची यादी हवी होती. मॅडमनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. यादी दिली नाही.

"माझीच पोरगी हाय. ती काय वाचून राहिली ते मला कळाया नको?"

"तिलाच विचारा दादा. तिनं न्हाई सांगितलं, तर काहून न्हाई सांगितलं ते सवताला विचारा."

ते उठले आणि तडक संस्थेच्या अध्यक्षांकडे गेले. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या नावे मेमो निघाला. तो मीच टाइप केला आणि मीच घेऊन गेलो. मी त्यांना समजावलं, की जून जवळ आलाय, एक कागद दिला तर काय बिघडतं? त्यांनी मेमोवर सही केली आणि माझ्यादेखत उत्तर लिहिलं, ते असं: पुस्तकं वेळेवर परत आली आहेत, पान फाटलेलं नाही, कॉलेजचा संबंध तिथे संपतो. विद्यार्थिनीनं काय वाचलं ते ग्रंथालयानं जपायचं असतं, वाटायचं नसतं. माझ्याकडून ते मिळणार नाही.

मग बैठक लागली. इतिवृत्त लिहायला मी होतो. अध्यक्ष माणूस वाईट नव्हता, पण नकार ऐकायची सवय नव्हती. गाव लहान आहे, आईबापाला सगळं कळलेलं बरं, असं ते बराच वेळ बोलले. मॅडम उभ्याच होत्या.

"साहेब, तुमची लेक तीन वर्षं माझ्याकडून पुस्तकं न्यायची. ती काय न्यायची, ते मी कुणाला सांगितलेलं चाललं असतं का तुमाला?"

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग जरा हळू आवाजात विचारलं, "काय वाचायची ती?"

"न्हाई सांगणार, साहेब."

मला वाटलं, संपलं. अध्यक्ष त्यांच्याकडे पाहत राहिले आणि हसले. मेमो मागे घेतला, वर मॅडमनाच नियम लिहून आणायला सांगितलं. तेव्हापासून पुस्तक परत आलं की वाचणाऱ्याचं नाव कॉम्प्युटरमधून निघून जातं. त्या नियमाचा ठराव माझ्या अक्षरात आहे. सरकारी भाषेतलं इतकं चांगलं काही मी पुन्हा लिहिलं नाही.

वडिलांनी मुलीला घरी विचारलं म्हणे. ती काय म्हणाली ते कुणास ठाऊक. पण ती तिन्ही वर्षं कॉलेजला आली, पदवी घेतली, एवढं मी पाहिलं.

जूनची ऑर्डर पुढेही दरवर्षी निघत राहिली. गेल्या वर्षी वय झालं म्हणून मॅडम थांबल्या. आता सिद्धेश्वरला धरणाजवळ भावाच्या घरी राहतात. परवा तिकडे गेलो होतो. चहा झाला, जुन्या गोष्टी निघाल्या. मी धीर करून म्हणालो, "मॅडम, आता तरी सांगा. काय नेत होती ती बी.ए.ची पोरगी?"

त्यांनी कपबशा उचलल्या आणि आत वळता वळता म्हणाल्या, "धरणाचे मासे ताजे आलेत. घेऊन जाता का घरी?"

मी दोन रोहू घेऊन एसटीत बसलो. शेजारच्यानं कुठून आणले विचारलं, तेव्हा आमच्या मॅडमनी दिले, असं मी जरा मोठ्यानंच सांगितलं.