खाकरून आत येणाऱ्या कुमुदबाई

सुरतेतल्या आमच्या मराठी शाळेत मी रुजू झालो, त्या संध्याकाळी डिंडोलीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीबाहेर कोणीतरी खाकरले. दार सताड उघडे होते, तरी शाळेतल्या माझ्या सहकारी कुमुदबाई हातात डबा घेऊन, रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. मी बोलावल्यावरच त्या वळल्या. "दार उघडं आहे म्हणून काय झालं? एकट्या माणसाची खोली, पसारा असायचाच," त्या म्हणाल्या. पसारा होताच. आमची ओळख झाली ती अशी.

बाईंना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत. मैदानावर गुजराती, मित्रांशी हिंदी आणि आईशी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना त्यांनी मराठी शिकवले, पण कुणाच्या घरच्या बोलीला त्या कधी हसल्या नाहीत. त्यांच्याविषयी इतर सहकारी पुष्कळ लिहितील. मला सांगायचे आहे ते कोरोनाच्या दिवसांतले, आणि त्यात शोभा माझीच आहे.

ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा शाळेत त्यातला जाणकार मीच, निदान माझी तशी समजूत होती. मी नियम काढले: गणवेश हवा, माइक बंद, कॅमेरा चालू. दहावीतली निकिता नवागामला एका खोलीत राहायची. एकदा वर्ग चालू असताना रात्रपाळी करून झोपलेले तिचे वडील उठले आणि बनियनवरच तिच्या मागून मोरीकडे गेले. मुले खो खो हसली. दुसऱ्या दिवसापासून निकिताचा कॅमेरा बंद. "कॅमेरा नाही तर वर्ग नाही," असे म्हणून मी तिला दोनदा बाहेर काढले. त्यानंतर ती आलीच नाही.

आठवड्याने तिच्या आईने बाईंना फोन केला. "पोरले लाज वाटस, बाई. आते म्हनस, शाळा नको, साड्यासवर खडा लावसू." साड्यांवर खडे चिकटवायचे काम त्या वस्तीत घरोघर चालते. एकदा पोर त्यात बसली की शाळा सुटलीच म्हणायची.

बाईंनी मला एकट्याला फोन केला. "सर, तिच्याशी तुम्हीच बोला. माझ्या शब्दावर ती शाळेत येईल हो, पण तुमच्या वर्गात यायची नाही." मला रागच आला. शिस्तही मीच लावायची आणि नमतेही मीच घ्यायचे! तासभर धुसफुसलो आणि मग फोन लावला.

"सर, कॅमेरा?" तिने आधी तेच विचारले.

"तुला वाटेल तेव्हा लाव. चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या वर्गात पाहुण्या म्हणून आल्या. त्यांच्या मागे खिळ्यांना चौकड्यांची चादर टांगलेली. "उद्यापासून सगळ्यांच्या मागे चादर. सरांच्यासुद्धा. घरात वर्गाची वेळ सांगून ठेवायची. आणि तरी कुणाच्या मागून कोणी गेलंच, तर बाकीच्यांनी आपापल्या वहीत बघायचं." माझे पुस्तकांचे कपाट नीट दिसावे म्हणून मी खुर्ची तीनदा सरकवली होती. ते चादरीआड गेले.

पंधरा दिवसांनी निकिताने कॅमेरा लावला, मागे आईची साडी. मी गणित सोडवत असताना ती साडी हलली आणि वडील आडवे गेले. सगळ्या माना वह्यांत गेल्या, माझीही. कोणी हसले नाही.

"सर, पप्पा गेले," निकिताच म्हणाली. "पुढची पायरी सांगा ना."

ती दहावी झाली, बारावीही झाली. आज ती परिचारिकेचे शिक्षण घेते आहे.

चादरीची ती पद्धत पुढे सगळ्या वर्गांनी उचलली आणि मुख्याध्यापकांनी बैठकीत माझे कौतुक केले. बाईंनीच त्यांना सांगितले होते, कल्पना सरांची. मी निकिताला वर्गाबाहेर काढले होते, हे मात्र त्यांनी आजवर कुणाजवळ काढलेले नाही. आणि मी ते कौतुक इतकी वर्षे गुपचूप पचवले. बाई, आज सर्वांसमक्ष ते तुमचे तुम्हाला परत करतो.

साखर आटोक्यात ठेवा, गुडघ्यांचे थोडे लाड करा आणि खूप वर्षे ठणठणीत राहा, आम्हाला तुम्ही हव्या आहात. हे छापल्याबद्दल रागवायचे असेल, तर मला ठाऊक आहे, तुम्ही एकट्याला फोन करूनच रागवाल.