उनाइसी आणि ओढ्यातल्या त्या

उनाइसी वहिनी,

तुझ्या अंत्यविधीला चर्चमध्ये सगळे म्हणाले, "शांत बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात." ऐकून माझं डोकं फिरलं. शांत! तुझ्याइतकी भांडकुदळ बाई माझ्या भावाच्या घरात दुसरी आली नाही. म्हणून तुझी हकीकत मीच लिहायला घेतली आहे.

डोंगरापलीकडच्या वस्तीवरून तू लग्न होऊन आलीस ती दोन जुन्या चटया घेऊन. आमच्या आईने नाक मुरडलं. मग तू ओढ्यात उतरलीस. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून काठच्या इवीच्या झाडांच्या मुळांखाली हात घातलास आणि टोपली भरून वर आलीस. टोपलीतलं ते नारळाच्या दुधात शिजून पानावर आलं तेव्हा कुठे आईचं नाक सरळ झालं. त्यानंतर पाहुणे आले की एकच हाक, "उनाइसीला बोलवा." या गावात तुझी किंमत तेवढीच होती, आणि तुला ती ठाऊक होती.

मग गावाला स्वच्छ गावाच्या स्पर्धेचं खूळ लागलं. मुखिया सावेनाकाने ठरवलं, ओढ्याकाठची इवी तोडायची, पानांचा कचरा नको, तिथे जास्वंद लावायची. राजधानीतून, सुवाहून, परीक्षक साहेब आले, सभा भरली. पुरुष याकोना पीत त्याच्या तसराळ्याभोवती, बाया दाराशी. तू उठून बोललीस.

"झाडं तोडू नका. पानं पाण्यात पडायला हवीत. त्यावर पोट भरतं."

"कुणाचं? तुझं?" सावेनाका म्हणाला.

"खाली राहतात त्यांचं."

साहेबांनी चांगुलपणाने विचारलं, "बाई, खाली नक्की कोण राहतं?"

सगळा घोटाळा इथेच झाला. खाली राहतं ते आपल्या कुळात बायकांचं देवक. त्याचं नाव पुरुषांसमोर काढणं म्हणजे बाईच्या झाकल्या अंगाचं नाव काढणं. कोळंबी. घे, लिहिला शब्द! या वयात मला कसली लाज? पण तू चटईकडे बघत म्हणालीस, "आमच्या त्या... त्यांना गारवा लागतो. उन्हाने मरतात."

माझा चुलतभाऊ इलाइतिया टपूनच बसला होता. "अरे देवा! बायकांच्या त्या गार ठेवायला एवढी झाडं? एक पंखा घेऊ की!"

सभा हसून लोळली. बायासुद्धा तोंडावर हात धरून हसल्या. साहेबही हसले, काही न कळता. पुरुषांना मात्र पक्कं कळलं होतं. कळल्याशिवाय कुणी असं हसत नाही. तू खाली बसलीस.

मी तेव्हा सुवात शाळेवर होते. सुटीत आले तेव्हा तू हे सांगितलंस आणि मी तुझ्यावरच ओरडले, "अगं, एक शब्द! एक शब्द निघाला नाही तोंडातून?"

"वन्सं, तुमचा भाऊ समोर बसला होता. त्याने गावात तोंड कसं दाखवलं असतं?"

इवी पडली. गावाला दुसरं बक्षीस मिळालं, गवत कापायचं यंत्र. जास्वंद फुलली. ओढ्याचं पाणी दुपारी कोमट लागायला लागलं, दगडांवर हिरवा बुळबुळीत थर चढला, पानं साचून कुजायची ते कोपरे रिकामे झाले. तू खुंटांखाली हात घालायचीस आणि मूठभर शेवाळ बाहेर यायचं. पुढे मोठे सरदार जेवायला आले तेव्हा त्यांच्यापुढे डब्यातली मासळी गेली. सावेनाका त्यांच्यादेखत म्हणाला, "आमच्या उनाइसीचा हात आता आटला." तोडलेल्या झाडांबद्दल चकार शब्द नाही. तुझा हात आटला!

तू पुन्हा पाण्यात उतरली नाहीस.

साखरेच्या आजाराने तुझा पाय कापला तेव्हा इस्पितळात मी उशाशी होते. तू डोळे उघडून म्हणालीस, "वन्सं, वरच्या गावात ओढ्याला अजून इवी उभी आहे. तिथून रोपं आणू. त्या मेल्या जास्वंदीच्या मधोमध लावू."

"सावली धरायला किती वर्षं लागतील, कळतंय का तुला?"

"मग? तुम्हाला कुठं गाडी पकडायची आहे?"

लाकडी पाय बसला की दोघींनी मिळून जायचं ठरलं. पाय बसलाच नाही, त्याआधीच तू गेलीस. वरच्या गावाला मी साधा निरोपही धाडला नव्हता. तारीख तू सांगणार होतीस.