धाडला जायचं राहून गेलं

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. चौतीस वर्षं मास्तरकी केली. समोरचा चुकला की त्याला सांगितल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. निवृत्त झालो तेव्हा वर्ग सुटला, सवय सुटली नाही. मग मी बुलडाण्याच्या रस्त्यांनाच वर्ग समजायला लागलो. दवाखान्यात कोणी मोबाइलवर मोठ्यानं व्हिडिओ लावून बसला, की "बंद कर बे ते, इथं पेशंट आहेत" म्हणणारा मीच. एटीएमच्या रांगेत मधेच घुसणाऱ्याला बखोटीला धरून मागं नेणारा मीच. बायको म्हणते, "तुमच्यासंगं बाजारात जायचं म्हणजे भाजी कमी अन् भांडण जास्त." म्हणू द्या. कोणीतरी बोललं पाहिजे, असं मला वाटायचं.

त्यातही माझं डोकं सगळ्यात जास्त फिरायचं ते मयतीतलं वागणं पाहून. पूर्वी रस्त्यानं मयत चालली की दुकानदार अर्धं शटर खाली ओढायचा, सायकलवाला उतरून बाजूला उभा राहायचा. कोण गेलं हे माहीत नसलं तरी माणूस टोपी काढायचा. आता खांदेकऱ्यांना मागून हॉर्न देतात. स्मशानात तिकडं चिता पेटते आहे आणि इकडं चौघं मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत हसताहेत, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय आणि त्या चौघांना तिथंच झापलंयसुद्धा.

आणि दारावर जाणं तर संपल्यातच जमा आहे. आमच्या भागात कोणी गेलं की त्याच्या घरी जाऊन बसायचं असतं, त्याला दारावर जाणं म्हणतात. बोलायचं असं काही नसतं. जायचं, सतरंजीवर बसायचं, घरच्या माणसाच्या शेजारी थोडा वेळ गप्प राहायचं आणि उठायचं. निघताना "येतो" म्हणायचं नाही. एवढंच. पण एवढंही आता लोकांच्यानं होत नाही. मोबाइलवर दोन जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं की सुटले. यावर मी किती जणांना सुनावलं असेल, त्याची गणती नाही. म्हणूनच पुढचं लिहायला हात जड झालाय.

माझी पहिली नोकरी धाड गावच्या शाळेत. तिथं गणित शिकवणारा एक मास्तर माझ्याच वयाचा होता, गावातलाच. आमचं जमलं ते कायमचं जमलं. मी एकटा, भाड्याच्या खोलीत राहायचो, स्टोव्हवर खिचडी शिजवायचो. एकदा टायफॉइड झाला. तो मला हाताला धरून घरी घेऊन गेला आणि त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, मला अठरा-वीस दिवस पथ्याचं करून घातलं. घर दोन खोल्यांचं. त्यातली एक मला दिली आणि ते सगळे दुसरीत झोपले. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. तरुणपणी सगळं आपल्या हक्काचंच वाटतं.

पुढं माझी बदली झाली, लग्न झालं, बुलडाण्यात घर झालं. माझी आई वारली त्या दिवशी धाडहून पहिल्या गाडीनं ते दोघं आले. ज्या घरी मयत होते तिथली चूल त्या दिवशी पेटत नाही, सोयरेधायरे जेवण आणतात. कडू घास म्हणतात त्याला. वहिनींनी फडक्यात पिठलं-भाकर बांधून आणली होती. मी काही केल्या ताटावर बसेना. तेव्हा घरभर माणसं असताना त्या बाईनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "खा भाऊजी. माय गेली म्हणून लेकरानं उपाशी राहू नये." मी तो खाल्ला आणि मग रडलो. तोवर रडू आलंच नव्हतं.

त्या वहिनी गेल्या हिवाळ्यात वारल्या.

बातमी सकाळी आठ वाजता निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर आली. अंत्यविधी दुपारी तीनला. बुलडाण्याहून धाड म्हणजे एसटीनं तासाभराचा रस्ता. वेळच वेळ होता. पण त्या दिवशी आमच्या गच्चीवरच्या टाकीसाठी प्लंबर यायचा होता. हा प्लंबर पंधरा दिवस "येतो, येतो" करत होता आणि आज नक्की म्हणाला होता. मी स्वतःशी म्हटलं, मयतीत गर्दी असतेच, आपण तिसऱ्या दिवशी निवांत जाऊ, मित्राशी नीट बसता येईल. किती सोयीचा विचार सुचतो माणसाला. प्लंबर आला नाही, हेही सांगून टाकतो.

घरी बसल्या बसल्या मी ग्रुपवर चार ओळींची श्रद्धांजली मात्र लिहिली. चांगली लिहिली होती. त्या बातमीखाली एकानं सवयीनं गुलाबाच्या फुलांसकट "शुभ सकाळ" टाकलं होतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी लांबलचक लिहिलं, की बाबांनो, मरणाच्या बातमीखाली गुलाब कसले पाठवता, कुठं काय शोभतं याचं जरा भान ठेवा. पुष्कळ लोकांनी अंगठे वर केले. एका जुन्या हेडमास्तरांनी "आपल्यासारखे थोडेच उरले" असं लिहिलं. मला ते आवडलं. दुपारी तीनला, वहिनींना उचलत असतील त्या वेळी, मी ते पुन्हा उघडून वाचत होतो.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला जायचं, तर गुडघा दुखत होता. तो गेली सहा वर्षं रोजच दुखतो. दहाव्याला खामगावला भाचीचा साखरपुडा निघाला. मधल्या दिवसांत दोनदा वेळ होता, तेव्हा आज वार बरा नाही, अशा वारी दारावर जात नाहीत, असं मी बायकोला सांगितलं. एरवी मी वार-बीर मानत नाही, हे तिला माहीत आहे. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी काही बोलत नाही, पण तुम्ही जाऊन या."

फोन करावा असं रोज वाटायचं. पण इतके दिवस गेलो नाही आणि आता नुसता फोन करायचा, याची लाज वाटायची. लाजेत आणखी एक दिवस जायचा, मग लाज आणखी वाढायची.

तेरवीला मात्र निघालोच. स्वच्छ कपडे घातले, टोपी घेतली आणि साडेअकराची धाडची गाडी धरली. गाडी भरलेली. पुढं ज्येष्ठ नागरिकांच्या जागेवर एक पोरगा बसला होता आणि शेजारच्या सीटवर त्यानं बॅग ठेवली होती.

"ही बॅग काढ," मी म्हणालो.

"दोस्ताची जागा हाय, काका. येऊन राह्यला तो."

"जागा दोस्ताची नाही, वर काय लिहिलंय ते वाच. वाचता येतं का?"

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. पोरगा अडून बसला. म्हणाला, "वाचता येते, पण बॅग नाही निघत." आवाज चढले. कंडक्टर मागून आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "बाबा, मागं एक जागा खाली हाय, तिथं बसा ना." मागं खरंच एक जागा होती. शेवटून दुसऱ्या बाकावर, कडेची. पण मी म्हणालो, प्रश्न जागेचा नाही, तत्त्वाचा आहे. बसेन तर इथंच बसेन. त्यावर कोणीतरी म्हणालं, "काकाले विंडो पाह्यजे," आणि सगळी गाडी हसली. मी खाली उतरलो. माझ्या देखत गाडी निघून गेली, ती मागची जागा तशीच मोकळी घेऊन.

घरी येऊन मी बायकोला तासभर ऐकवलं. पिढी कशी वाया गेली, घरचे वळण कसं लावत नाहीत, कंडक्टरसुद्धा कसे त्यांनाच सामील. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "मंग आता तेरवीचं काय?"

दीड वाजता दुसरी गाडी होती. मी कपडे बदलले आणि पडलो. रागावलेला माणूस दुपारी फार छान झोपतो.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी सकाळी दहाच्या सुमारास दार वाजलं. दार उघडलं तर मित्र उभा. भादरलेल्या डोक्यावर टोपी, हातात पिशवी. चेहरा पार उतरून गेला होता. आमच्याकडे दुखवट्यातला माणूस आपणहून कोणाच्या दारी जात नाही. आधी कोणीतरी त्याला घरी जेवायला नेतं, मग त्याचं येणं-जाणं सुरू होतं. खरं म्हणजे मीच त्याला न्यायला जायला हवं होतं. आणि हा माझ्या दारात.

आत यायच्या आधी त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चालून-फिरून राह्यला ना?"

"हो. काऊन?"

"मंग बरं हाय," तो म्हणाला आणि चपला काढून आत आला. "मले वाटलं खाटेवर पडला असशील. मयतीले नाही, राखेले नाही, तेरवीलेही नाही. म्हटलं, हा येणार नाही असं कसं होईन? याले काहीतरी झालं अन् घरच्याईनं आपल्यापासून लपवलं, आपल्याले आणखी दुःख नको म्हणून. पोरं म्हणे, बाबा, इतक्यात कोठी जाऊ नका. म्हटलं, पाहून येतो एकडाव."

कायतरी विचारायचं म्हणून विचारलं, "गाडीत जागा मिळाली का?"

"उभ्यानंच आलो. एक पोरगी उठली होती मले पाहून, पण तिच्यापाशी लेकरू होतं. म्हटलं, बस माय तू." त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. मग तोच म्हणाला, "तू त्या गुलाबवाल्याले ग्रुपवर बोलला, ते पोरानं वाचून दाखवलं मले. बरं वाटलं. म्हटलं, पाहा, अंथरुणात पडल्या पडल्या त्याचा जीव इथंच हाय."

बायको पाणी घेऊन आली होती. ती तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"तेरवीले पंगत जराशी थांबवली होती," तो सांगत होता. "साडेबाराच्या गाडीनं तू येशील म्हणून. गाडी आली, लोक उतरले. मीच गेलो होतो फाट्यावर पाहाले. मंग म्हटलं वाढा आता, तो काही येऊ शकत नाही, लयच बिमार असन."

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, हे मी देवाशपथ सांगतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका तोंडावर सांगितल्या, आता एक आपली सांगायची होती. प्लंबर, साखरपुडा, गाडीतली बॅग, सगळं जिभेवर आलं होतं. आणि ते त्याच्यासमोर ठेवलं तर कसं दिसेल, हेही त्याच क्षणी दिसलं. तेवढ्यात त्यानंच विचारलं, "गुडघ्यानं धरलं काय तुले?"

"हाव," मी म्हणालो. "उठताच येत नव्हतं."

बायकोनं तांब्या टेबलावर ठेवला आणि ती आत निघून गेली.

तो खुर्चीवरून उठून माझ्याजवळ येऊन बसला. माझा गुडघा दोन्ही हातांनी दाबून पाहिला, इथं दुखते का, तिथं दुखते का, असं विचारत. धाडला कोणी मालिश करणारा आहे, त्याच्याकडून तेल पाठवतो म्हणाला. मला सांगितलं, जिने चढू नको, एसटीनं तर अजिबात येऊ नको, मीच येत जाईन. मी मान हलवत होतो. ज्याच्या शेजारी जाऊन मला बसायचं होतं तो माझे पाय चेपत होता, आणि मी ते चेपू देत होतो.

दोन घास खाऊन तो दुपारच्या गाडीनं गेला. निघताना म्हणाला, "येतो." मी फाटकापर्यंत गेलो, तर म्हणाला, "आत जा, पायाले जोर देऊ नको." मग मला त्याला दाखवायला थोडं लंगडत आत यावं लागलं.

घरात बायको ताटं उचलत होती. "मले वाटलं, आता तरी सांगसान," एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिनं मला दुसरं काही सुनावलं नाही, आणि सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

आता रस्त्यात कोणी हॉर्न वाजवतो, रांगेत घुसतो, दवाखान्यात व्हिडिओ लावतो, तेव्हा मी तोंड उघडतो आणि मिटतो. लोकांना वाटतं मास्तर थकले. लोकांचं वागणं बिघडलंय का, तर बिघडलंय, ते माझं मत अजून तेच आहे. फक्त ते मोठ्यानं म्हणायला मला तोंड उरलेलं नाही.

तेलाची बाटली आली. ती भरलेली तशीच कपाटात आहे. रोज सकाळी पावणेआठच्या आसपास धाडहून फोन येतो. "रात्री झोप लागली का? सूज उतरली का?" तो एकटा झालाय, सकाळी घर खायला उठत असेल, म्हणून मी फोन लगेच उचलतो आणि गुडघ्याचं खोटं-खरं सांगत राहतो. तो समाधानानं "बरं, बरं" म्हणतो आणि ठेवतो. वहिनी गेल्या, याबद्दल मी त्याच्याशी अजून एक शब्दही बोललेलो नाही.