एकदाच विचारलं

आमच्या पाचोडकडं पहिल्या ‘नको’ला कुणी जुमानत नाही. पाहुणा नको म्हणतो, वाढणारी वाढतेच. पोटात कावळे ओरडत असले तरी पहिल्यांदा नको म्हणायचं, ही आईची शिकवण. तीच घेऊन मी जर्मनीत शिकायला गेले.

पोचले त्या दुपारी घरमालकिणीनं विचारलं, सूप घेणार का? मी म्हटलं, नको. बाई ‘बरं’ म्हणाली आणि माझ्यासमोर बसून सगळं सूप पिऊन मोकळी झाली! मी आपली दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसलेली. लई राग आला. काय कोडगी बाई आहे, म्हटलं. पुढं तिला हे सांगितलं तर ती चकितच झाली. म्हणाली, तू नको म्हणालीस, मी तुझ्या शब्दाला मान दिला. मला ते इतकं पटलं की वर्षभरात मीही तशीच झाले. नको म्हणजे नको, विषय संपला.

इकडं दुष्काळावर दुष्काळ. विहीर आटली, मेंढरं विकली, आणि भाऊ आईला घेऊन संभाजीनगरच्या कडेला नव्या प्लॉटिंगमध्ये राहायला आला. कालपरवापर्यंत तिथं ज्वारी उभी असायची. आता घरंच घरं, अन् पाण्याला टँकरच. टँकरचंच पाणी प्यायचं होतं तर गाव कशाला सोडलं, असं आई फोनवर कुरकुरायची.

मग ती आजारी पडली. ताप हटेना, जेवण तुटलं. मी फोनवर विचारलं, “आई, येऊ का?”

“नको गं माय. तुझी परीक्षा हाय ना.”

मी म्हटलं, बरं. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. तिच्या शब्दाला मान दिला, असंही मनाला सांगितलं. आता लिहितानासुद्धा माझी मलाच लाज वाटते.

पंधरा दिवसांत आई गेली. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. वहिनी रागानं नाही, सहजच बोलली. त्या दिवशी फोन संपल्यावरही आई कितीतरी वेळ तो हातात धरून बसली होती. काय झालं म्हणून विचारलं, तर एवढंच म्हणाली, “येकदाच इचारलं तिनं.”

वहिनीनं पिठलं-भाकरीचं ताट पुढं केलं. मी नको म्हणाले.

“घासभर तरी खा, ताई,” ती परत म्हणाली.

त्या ताटावरच मी हंबरडा फोडला.